बेचाळीस इंच

१४ सप्टेंबर २०२३, गुरुवार

थॅड,

साडेतीन वर्षं तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफ कर. कारणं द्यायला बसले तर चार पानं भरतील आणि त्यातली दोन खरी नसतील, म्हणून देत नाही. तू दर रविवारी आईला फोन करतोस हे मला माहीत आहे. तेवढा वेळ मी तिच्या खोलीबाहेर कॉफीच्या मशीनपाशी उभी असते. जुलैत ती स्वयंपाकघरात पडली, खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि आता ती पुनर्वसन केंद्रात दोन कठड्यांच्या मधून चालायला शिकते आहे, हे तुला कळलेलं असणारच. जे तुला कळलेलं नसणार ते सांगते. आईलाही मी ते सांगितलेलं नाही.

महापालिकेने तुझ्या रॅम्पवर नोटीस लावली आहे.

नारिंगी कागद आहे, कठड्याला चिकटपट्टीने लावलेला. 'विनापरवाना बांधकाम. तीस दिवसांत नियमित करा अथवा काढून टाका. तसं न केल्यास दररोज पंचाहत्तर डॉलर दंड, आणि महापालिका स्वतः पाडून खर्च घरावर चढवील.' घर बाबांनी आपल्या दोघांच्या नावावर केलेलं, म्हणून लिफाफेही दोन आले. तुझ्या नावाचा मी फोडला. तेही सांगून टाकलेलं बरं.

केंद्रातल्या समाजसेविकेने मला ऑगस्टमध्येच बजावलं होतं. ३ नोव्हेंबरला विम्याचे दिवस संपतात. चाकाची खुर्ची थेट दारापर्यंत जाईल अशी सोय घरी असेल तर आईला घरी सोडतील, नाही तर कायमच्या निवासात हलवतील. त्या निवासातून गेल्या पाच वर्षांत आपल्या चर्चचे चारजण कसे परत आले ते तुला ठाऊक आहे. "रॅम्प आहे ना घरी?" तिने विचारलं. मी लगेच म्हणाले, "आहे. माझ्या भावाने बांधलाय." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं.

आता नोटीस आली कशी, ते. शेजाऱ्यांनी तक्रार केली असं लिहायचा मोह झाला होता. खोटं आहे. स्वयंपाकघराच्या वरचं छत गळत होतं. छपराचे पत्रे बदलण्याआधी परवाना घ्यावा म्हणून मी अर्ज केला. अर्जात शेवटी एक रकाना असतो : 'घराला जोडून असलेली इतर बांधकामं'. मी लिहिलं, 'रॅम्प, लाकडी, २०१९'. शेजारी छोटासा नकाशाही काढून दिला, पट्टीने.

शेजारच्या गेदरकाकांना हे सांगितलं तेव्हा ते त्यांच्या ओट्यावर मटार सोलत होते. त्यांचा हात थांबला.

"पोरी, या गल्लीत चाळीस घरं आहेत. चाळीसही घरांना काही ना काही जोडलेलं आहे. तो रकाना कोणी भरलेला मी अजून पाहिला नाही."

"पण विचारलंय ना त्यांनी."

"अगं, ते विचारतात आणि आपण विसरतो. अशानेच तर हे शहर उभं आहे!"

अठरा वर्षं मी कॉलेजच्या कार्यालयात मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज तपासते आहे. रिकामा रकाना दिसला की माझा हात आपोआप चालतो. ही सबब नाही, सवय आहे. एवढंच आज.

रोझलिन


२९ सप्टेंबर, शुक्रवार

थॅड,

तुझं उत्तर नाही. मीही अपेक्षा धरली नव्हती असं लिहिणार होते, पण धरली होती.

आणखी एक चूक कबूल करायची आहे. नोटिशीसोबत दीडशे डॉलर दंडाचं पत्रक होतं. ते ज्या संध्याकाळी आलं त्याच संध्याकाळी मी चेक लिहून टपालात टाकला. मला वाटलं, भरला की विषय मिटला. वाचनालयाच्या पुस्तकाचा दंड भरला की मिटतो तसा. पंधरा दिवसांनी दुसरं पत्रक आलं. मी फोन केला, बावन्न मिनिटं वाट बघितली, आणि मग एका बाईने शांतपणे समजावलं, "दंड भरणं म्हणजे उल्लंघन मान्य करणं. उल्लंघन अजून तिथेच उभं आहे, बाई. ते दुरुस्त करून तपासनिसाची सही मिळेपर्यंत नोंद बंद होत नाही."

गेदरकाका म्हणाले, "म्हणजे गुन्हा कबूल केलास, शिक्षाही भोगलीस, आणि तुरुंगात मात्र अजून जायचंच आहे. तुझ्यासारखी प्रामाणिक मुलगी महापालिकेला रोज एक मिळाली तर ते रस्ते सोन्याचे करतील."

पत्रकाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं की दंड भरण्याऐवजी सुनावणी मागता येते. मी मागची बाजू वाचली नव्हती. मी! मुलांना रोज सांगते की कागद उलटून बघा.

तरी मी सुनावणी मागितलीच आहे, दुसऱ्या पत्रकावर. ११ ऑक्टोबर मिळाली आहे. सुताराकडेही चौकशी केली. तो म्हणाला, "पाडून टाका, वसंतात नवा बांधून देतो. थंडीच्या आत जमणार नाही." वसंतापर्यंत आईचं काय, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. मी पाडणार नाही. हे मी त्याला सांगितलं, फोनवरच्या त्या बाईला सांगितलं आणि आता तुला सांगते आहे.

तू हसशील. तुला हसायचा हक्क आहे. तू तो रॅम्प जूनमधल्या दोन शनिवार-रविवारांत बांधलास, बाबांना पक्षाघात झाल्यावर महिन्याभरात. आणि मी परवाना येईपर्यंत थांबू म्हणाले. परवान्याचा अर्ज मी केलाच नाही, कारण त्यावर बांधणाऱ्याच्या पात्रतेचा रकाना होता आणि तुझ्याकडे महापालिकेचं प्रमाणपत्र नव्हतं. खोटं लिहायचं नव्हतं, खरं लिहिलं तर रॅम्प जाणार होता. म्हणून मी काहीच लिहिलं नाही आणि बाबांची खुर्चीही रॅम्पवर जाऊ दिली नाही. "पडला तर?" म्हणत राहिले. आठ महिने ते समोरच्या खिडकीत बसून होते. अंत्यविधीनंतरच्या जेवणात, माझ्या हातात गोडाची, पीच कॉबलरची ताटली असताना, तू सगळ्यांदेखत म्हणालास, "ताईच्या परवानगीची वाट बघत बाबा घरातच गेले." मी म्हणाले, "तुझं काम कधी धड झालंय का?" दुसऱ्या आठवड्यात तू टक्सनला निघून गेलास.

तुझं वाक्य खरं होतं. माझं खरं होतं की नाही, ते मला माहीत नाही. माहीत नसताना मी ते बोलले.

रोझलिन


११ ऑक्टोबर, बुधवार

थॅड,

सुनावणी झाली. लगेच लिहिते आहे, नाही तर मी मनात माझी वाक्यं सुधारत बसेन.

खोली लहान होती, अकरा माणसं बाकावर. माझ्याआधी एका म्हाताऱ्याचं गवत उंच वाढल्याचं प्रकरण होतं आणि एका जोडप्याचं गॅरेज. सुनावणी अधिकारी डेलगाडो नावाच्या बाई आहेत, साठीच्या, चष्मा दोरीला बांधलेला. तपासनीस सिकोरा, जाडजूड, दम लागणारा माणूस, माझ्याकडे न बघता फाइल बघत होता.

बाई म्हणाल्या, "पहिला दंड तुम्ही भरलाय. म्हणजे उल्लंघन मान्य आहे."

मी उभी राहिले. "परवाना नव्हता हे मान्य आहे. रॅम्प धोकादायक आहे हे मान्य नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"सिकोरा?"

सिकोराने वाचून दाखवलं. उताराचं प्रमाण बरोबर, तीस इंच उंचीला तीस फूट लांबी. रुंदी बरोबर. वळणावरचा चौथरा बरोबर. कठडा एकाच बाजूला, दुसरा हवा. (तो गेदरकाका परवाच बसवून गेले, बिल म्हणून मला त्यांची करभरणीची कागदपत्रं लावून द्यायची आहेत.) मग तो म्हणाला, "खांबांचा पाया : खोली अज्ञात. अपुरी असल्याचं गृहीत."

आपल्याकडे पाया बेचाळीस इंच खोल लागतो, नाही तर गोठलेली जमीन हिवाळ्यात खांब वर ढकलते, हे तुला मी काय सांगू. पण त्या एका शब्दाने माझ्या अंगात काहीतरी शिरलं.

"गृहीत?" मी म्हणाले. "कोणी बघितलंय?"

"बाई, परवान्याशिवाय बांधणारी माणसं बेचाळीस इंच खणत नाहीत. मी सव्वीस वर्षं हे बघतोय."

"मी अठरा वर्षं अर्ज तपासते. एखाद्या मुलाने बापाच्या उत्पन्नापुढे 'गृहीत' लिहिलं तर मी तो अर्ज परत पाठवते. तुमचा मात्र पास होतो, असं का?"

बाकावरचा गवतवाला म्हातारा मोठ्याने म्हणाला, "वा!" डेलगाडोबाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

सिकोराचे कान लाल झाले, पण तो रागावला नाही. "ज्याने बांधला त्याच्यावर तुमचा एवढा भरवसा आहे?"

इथे मी थांबले, थॅड. खरं उत्तर 'नाही' असं होतं. मी म्हणाले, "तो माझा भाऊ आहे."

"मी ते नाही विचारलं."

"मग उघडून बघू. तुम्ही सांगाल तो खांब मी खणून दाखवते."

बाईंनी निकाल दिला. घराच्या दोन्ही मालकांच्या सह्यांचा, मागाहून घ्यायच्या परवान्याचा अर्ज, आणि एका खांबाचा पाया तळापर्यंत उघडा करून तपासणी. कोणता खांब, ते सिकोरा ठरवील. २ नोव्हेंबरला सकाळी दहाला. पाया अपुरा निघाला तर रॅम्प त्याच दिवशी बंद. रोजचा दंड तोपर्यंत थांबवला आहे.

सोबत अर्ज पाठवते आहे. दोन्ही मालक म्हणजे तू आणि मी. सही नोटरीसमोर करायची आहे. मी विनवणी करत नाही. हे तुझंही घर आहे, तुझीही आई आहे आणि तुझाच रॅम्प आहे. माझ्यावरचा राग तू पुढची वीस वर्षं सांभाळ, पण सही वीस दिवसांत हवी.

एक विचारायचं आहे. किती खोल खणलं होतंस?

रोझलिन


२४ ऑक्टोबर, मंगळवार

थॅड,

अर्ज मिळाला. सही, शिक्का, तारीख, सगळं जागच्या जागी. पत्र नाही. पहिल्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले शब्द मात्र सापडले : '४८ इंच. खणून बघ.'

मी ते तीनदा वाचलं. राग आला. चांगला, निरोगी राग. मी बघणारच आहे, तू सांगायची गरज नव्हती.

आज आईला सगळं सांगितलं. लपवून ठेवल्याबद्दल ती दहा मिनिटं बोलली आणि मग म्हणाली, "मला त्या निवासात टाकलंस तर मी तुझ्या ऑफिसात रोज फोन करीन, जेवायच्या सुट्टीत."

मी विचारलं, "आई, थॅडने एवढं खोल खणलं असेल?"

तेहतीस वर्षं तिने या शहराची बस चालवली, तिच्यापासून काही लपत नाही. "तुला काय हवंय, रोझलिन? खोल असावं असं, की नसावं असं?"

मी तिचा सूपचा वाडगा धुवायला घेऊन गेले. तो आधीच धुतलेला होता.

रोझलिन


३१ ऑक्टोबर, मंगळवार

थॅड,

सिकोरा शनिवारी येऊन खांब निवडून गेला. अर्थातच वळणावरचा, लायलॅकच्या झुडपाला चिकटलेला. "सगळ्यात अवघड जागी माणूस कंटाळतो," तो म्हणाला. "तिथे बरोबर असेल तर मी बाकीचे बघणार नाही."

दोन दिवस रजा घेतली. काल पहाटेपासून खणते आहे. वरची फूटभर माती, मग मुळं, मग ती राखाडी चिकणमाती. ती फावड्याला चिकटते आणि सोडत नाही. गेदरकाकांची पाठ त्यांना खणू देत नाही, म्हणून ते बादली उलटी टाकून शेजारी बसले आहेत आणि तोंडाने खणत आहेत.

"फावडं असं धरतेस जशी पेन्सिल आहे!"

"काका, घरात काही काम नाही का तुम्हाला?"

"आहे की. पण ते करमणुकीचं नाही."

आज दुपारी, एकतीस इंचांवर, काँक्रीट संपलं.

जसं झालं तसं लिहिते. माझं फावडं खांबाला घासत खाली जात होतं आणि एकदम आत घुसलं. हात घातला. काठ लागला, आणि त्याच्या खाली नुसती माती. पट्टी लावली. एकतीस. काका बादलीवरून उठून काठाशी आले.

मी खड्ड्यातच बसले. आई निवासात जाणार, हा पहिला विचार असायला हवा होता. तो दुसरा होता. पहिला असा होता, थॅड : म्हणजे माझं बरोबर होतं. त्या जेवणात मी जे बोलले ते खरं होतं. एक क्षण, पुरता एक क्षण, मला हलकं वाटलं. आठ महिने बाबांना खिडकीत बसवून ठेवलं ते शहाणपणच होतं, असं वाटलं. एवढी किंमत देऊनही मला बरोबर ठरायचं होतं. हे मी माझ्या वहीत लिहून फाडून टाकू शकले असते. तुलाच लिहायचं ठरवलं.

मग काका म्हणाले, "पोरी, तू एकाच बाजूने बघितलंस."

दुसऱ्या बाजूने खणलं. काँक्रीट खाली जात होतं. माझ्या बाजूला जो काठ लागला तो ओघळ होता. काँक्रीट ज्यात ओततात ती पुठ्ठ्याची नळी तिथे फाटली असणार आणि काँक्रीट बाहेर सांडून ओठासारखं घट्ट झालं असणार. त्याच्या खाली माझा हात चुकीच्या जागी मातीत गेला होता. चौतीस इंचांपर्यंत पोचले तेव्हा अंधार पडला आणि मुलं भुताखेतांचे कपडे घालून दारोदार फिरू लागली. खड्ड्यावर फळी टाकली, चॉकलेटं वाटली. खांदे इतके दुखत आहेत की अक्षर तुला लागणार नाही.

तळ अजून लागलेला नाही. चौतीसच्या खाली काय आहे ते मला माहीत नाही. या वेळी माहीत नसताना मी काही बोलणार नाही.

रोझलिन


२ नोव्हेंबर, गुरुवार

थॅड,

काल कामावर जावं लागलं, म्हणून आज पहाटे साडेपाचला पुन्हा उतरले. माती वरून कडक झाली होती, हात बधिर. सिकोरा दहाला येणार होता, तो पावणेदहाला आला. मी छातीपर्यंत खड्ड्यात होते. अंगावर बाबांचं कामाचं जाकीट होतं. तो काठावर उभा राहून धापा टाकत बघत राहिला.

"अजून खणताय?"

"तुम्ही लवकर आलात."

त्याने गुडघे टेकले, पोटावर आडवा झाला, आणि टेप खाली सोडला. मी टोक खांबाला धरलं. काँक्रीट टेपच्या शेजारून खाली गेलं होतं, चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस, आणि तिथून पुढे चिकणमातीत शिरलं होतं.

"बेचाळीस," तो म्हणाला. "आणि खाली आहेच. झालं. पुरे."

"थांबा," मी म्हणाले.

"बाई, मला बेचाळीसच हवे. पास आहे. वर या, सही करतो."

"तुमचा आदेश तळापर्यंतचा आहे. मला तळ बघायचा आहे."

"महापालिकेच्या वतीने मी सांगतोय, गरज नाही!"

"तुम्हाला नाही."

गेदरकाका बादलीवरून म्हणाले, "साहेब, वाद घालू नका. हिने पत्रकाची मागची बाजू वाचायला सुरुवात केलीय."

सिकोरा हसला. मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. तो माझ्या पायऱ्यांवर बसला आणि काकांच्या थर्मासमधली कॉफी प्यायला लागला. मी आणखी वीस मिनिटं खणलं, शेवटी हाताने, मोठ्या चमच्याने. मग बोटं काँक्रीटच्या खालून आरपार गेली. तळ सपाट होता, आणि त्याच्याखाली तू वाळू आणि खडीचा थर घातला होतास. कोणी कधी बघणार नव्हतं अशा जागी.

मी स्वतः टेप लावला. शेहेचाळीस इंच.

अठ्ठेचाळीस नव्हे, थॅड. तू दोन इंच फुगवून सांगितलेस. हे मी नोंदवून ठेवते आहे, कारण मी तशीच आहे आणि तशीच राहणार. पण लागतात त्यापेक्षा चार जास्त आहेत. आणि त्या जेवणात, सगळ्या नातेवाइकांसमोर, मी जे बोलले ते खोटं होतं. ते मी येत्या रविवारी चर्चनंतरच्या जेवणात, त्याच हॉलमध्ये उभी राहून सांगणार आहे. तुझी परवानगी मागत नाही. आईने फोन चालू ठेवायचं कबूल केलं आहे, ऐकायचं की नाही ते तू ठरव.

बाबा त्या रॅम्पवरून सुरक्षित गेले असते. पहिल्या दिवसापासून. हे कोणत्याही अर्जाने दुरुस्त होत नाही आणि मी ते कोणाकडून माफही करून घेणार नाही.

सिकोराने कठड्यावर हिरवा कागद लावला आणि नारिंगी काढून माझ्या हातात दिला. मी विचारलं, भरलेले दीडशे परत मिळतील का. तो म्हणाला, "ते तुम्ही कबूल केलेत, बाई." मी म्हणाले, त्यावर अपील करता येतं का. त्याने आभाळाकडे बघितलं. येतं, तीस दिवसांत, नमुना वेगळा आहे. मी तो मागवला आहे.

समाजसेविकेला कागदाचा फोटो पाठवला. आईची गाडी उद्या अकराला निघेल. ती ड्रायव्हरला रस्ता सांगणार, हे नक्की.

खड्डा रॅम्पच्या वळणालाच लागून उघडा आहे आणि रात्री पाणी गोठणार आहे.

उद्या : नऊच्या आत खड्डा बुजवून माती ठोकून घट्ट करायची.

रोझलिन